पाडणारे आणि बांधणारे : हाडांच्या आतला कारभार

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा विषय मी मागून घेतला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, "तुम्ही इतिहास शिकवणारे, हाडांशी तुमचा काय संबंध?" संबंध इतकाच की, आपल्या मोहल्ल्यात म्हातारी माणसे घरातल्या घरात पडतात, खुब्यापाशी हाड मोडते, आणि विचारपूस करायला जावे तर प्रत्येक घरी एकच वाक्य कानावर येते : "वय झाले, हाडे झिजली." हे वाक्य अर्धेच खरे आहे. हाड हे चपलेच्या टाचेसारखे घासून झिजत नाही. ते आतून, जागा ठरवून, काढून नेले जाते आणि काढलेल्या जागी नवे हाड भरले जाते. हे काम तुमच्या-माझ्या शरीरात ह्या घटकेलाही चालू आहे. काढणे आणि भरणे ह्यांचा मेळ बिघडला म्हणजे हाड पोकळ होते. हा मेळ कसा राखला जातो आणि कशाने बिघडतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू अशी आपली समजूत असते. ती स्वाभाविकही आहे, कारण हाड आपण पाहतो ते खाटकाच्या दुकानात नाही तर ताटात. तेव्हा आधी घरी करता येण्याजोगा एक प्रयोग करा. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून सिरक्यात बुडवून ठेवा. सिरका मधून मधून बदला. आठ-दहा दिवसांनी ते हाड काढलेत तर आकार तोच असेल, पण ते रबरासारखे वाकेल. दुसरे तसेच हाड निखाऱ्यावर चांगले जाळा. ह्याचाही आकार कायम राहील, पण बोटाने दाबताच भुगा होईल. सिरक्याने हाडातील क्षार विरघळवून नेले आणि चिवट धागे मागे राहिले. विस्तवाने धागे जाळले आणि क्षार मागे राहिले. ह्या धाग्यांना कोलॅजेन म्हणतात. क्षार आहेत ते मुख्यत्वे कॅल्शियम आणि फॉस्फरस ह्यांचे. धाग्यांमुळे हाड लवचीक आणि क्षारांमुळे कडक. दोन्ही मिळून ते इतके मजबूत होते की कित्येक वर्षे तुमचा भार उचलते.

ह्या प्रयोगात तिसरा घटक मात्र दिसत नाही, आणि आजचा विषय तोच आहे. तो घटक म्हणजे हाडातील जिवंत पेशी.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुस्तकावर विसंबू नये, ह्याचे एक जुने उदाहरण हाडांच्याच बाबतीत आहे. बगदादचे विद्वान हकीम अब्दुल लतीफ हे इ. स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये होते. त्या वेळी तेथे भयंकर दुष्काळ पडला होता आणि कैरोजवळ मृतांच्या सांगाड्यांचे ढीग पडले होते. खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे गॅलन ह्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवले होते आणि हजार वर्षे तेच शिकवले जात होते. अब्दुल लतीफ ह्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या व ते हाड एकच असल्याचे नोंदवले. गॅलनबद्दल त्यांना आदर होता, पण डोळ्यांची साक्ष त्यांनी अधिक मानली. आपल्या मुलांना शाळेत पाठांतराबरोबर हेही शिकवले पाहिजे असे मला फार वाटते. असो.

हाड बदलत असते हे प्रथम कळले ते एका रंगामुळे. आपल्याकडे मंजिष्ठ म्हणून वनस्पती आहे. तिच्या मुळांचा तांबडा रंग कापडाला देतात. युरोपात तिचीच एक बहीण त्याच कामी वापरीत. लंडनमधील बेल्चिअर नावाचा सर्जन एका कापड छापणाऱ्याकडे जेवावयास गेला असता त्याला ताटातील हाड तांबडे दिसले. चौकशी करता कळले की, रंगकामात वापरलेला कोंडा त्या जनावराला खाऊ घातला जात होता. बेल्चिअरने मग कोंबड्याला मंजिष्ठ चारून तोच अनुभव घेतला आणि १७३६ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल ह्याने जनावरांना काही दिवस मंजिष्ठ द्यावी, काही दिवस बंद करावी, असे केले. त्या हाडांत तांबडे आणि पांढरे थर एकाआड एक दिसले. रंग धरतो तो फक्त त्या दिवसांत नव्याने तयार होणाऱ्या हाडाला. म्हणजे नवे हाड बसत असते हे सिद्ध झाले. इंग्लंडमधील जॉन हंटर ह्याने त्यापुढची पायरी गाठली. हाडावर बाहेरून भर पडते तशी आतून ते खाल्लेही जाते, नाही तर वाढत्या वयाबरोबर हाडातील मज्जेची पोकळी मोठी कशी होईल, हे त्याने दाखवले.

गमतीची गोष्ट अशी की, विसाव्या शतकात हीच युक्ती माणसावर वापरता आली, आणि तीही एका औषधाने. टेट्रासायक्लीन हे जंतुनाशक घेतले असता त्याचा अंश नव्या हाडात बसतो आणि अतिनील प्रकाशाखाली पिवळसर चमकतो. ठरावीक दिवसांच्या अंतराने दोनदा औषध द्यावयाचे, नंतर हाडाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. दोन चमकत्या रेघा दिसतात. त्यांच्यातील अंतर म्हणजे मधल्या दिवसांचे बांधकाम. ते दिवसाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील अस्थिशल्यविशारद हॅरॉल्ड फ्रॉस्ट ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात ह्या रेघा मोजूनच एक महत्त्वाची गोष्ट मांडली. हाड मोडणे आणि घडणे ही दोन वेगळी कामे वाटेल तिथे, वाटेल तेव्हा चालत नाहीत. प्रत्येक जागी आधी काम सुरू होण्याची हाक, मग पाडकाम, मग त्याच जागी बांधकाम, असा क्रम ठरलेला असतो. जेथे खणले तेथेच भरले जाते.

आता हे खणणारे आणि भरणारे कोण ते पाहू.

पाडकाम करणाऱ्या पेशीला ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. हे नाव स्विस शास्त्रज्ञ कोलिकर ह्याने १८७३ साली दिले. रक्तातील एका जातीच्या पांढऱ्या पेशींचे पूर्वज एकमेकांत मिसळून ही मोठी, अनेक केंद्रकांची पेशी बनते. ती हाडाच्या पृष्ठभागाला चिकटते, कडेने जागा घट्ट बंद करून घेते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने क्षार विरघळतात. तुमच्या सिरक्याच्या बाटलीत झाले तेच. मग ती एका पाचक रसाने उघडे पडलेले धागे तोडते. खड्डा झाला की ती पुढे सरकते आणि थोड्या आठवड्यांत मरून जाते.

बांधकाम करणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. ह्यांचे कूळ वेगळे, मज्जेतील आधारपेशींचे. एकट्या-दुकट्याने नव्हे तर गवंड्यांच्या जथ्याने त्या खड्ड्यात उतरतात, आधी धाग्यांचे जाळे विणतात आणि मग त्यात क्षार भरू देतात. काम संपल्यावर त्यांपैकी काही मरतात, काही पृष्ठभागावर पसरून राहतात, तर काही आपणच बांधलेल्या भिंतीत कायमच्या गाडल्या जातात. ह्या गाडलेल्या पेशींना ऑस्टिओसाइट असे नाव आहे. प्रौढ माणसाच्या हाडातील दहापैकी नऊ पेशी ह्याच जातीच्या असतात. बारीक नळ्यांतून हात पसरून त्या एकमेकींना धरून असतात. पूर्वी त्यांना निवृत्त समजत. वस्तुस्थिती तशी नाही, हे पुढे येईल.

दोघांच्या वेगातील फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ त्यात आहे. एका जागेचे पाडकाम साधारण तीन आठवड्यांत होते. तेच भरून यावयास तीन ते चार महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. घर पाडणे आणि बांधणे ह्यांतही असेच प्रमाण असते हे कोकणातील माणसाला सांगावयास नको. जांभ्याची भिंत दोन गडी दिवसात उतरवतात, पण ती उभी करण्यात पावसाळा येऊन ठेपतो. शरीरात अशी दहा लाखांहून अधिक ठिकाणे एका वेळी उघडलेली असतात, आणि वर्षाकाठी सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा नवा होतो. आता समजा, उघडणाऱ्या जागांची संख्या दुप्पट झाली. प्रत्येक जागी भरणी पूर्ण व्हायचीच असली, तरी कोणत्याही क्षणी दुप्पट खड्डे उघडे राहणार आणि तेवढे हाड कमकुवत राहणार.

मग हे पाडायचेच कशाला? एक तर रोजच्या वापराने हाडात केसाहून बारीक भेगा पडतात. त्या वेळीच काढल्या नाहीत तर वाढत जातात. दुसरे कारण रक्ताचे. स्नायू आखडणे, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके ह्या सर्वांना रक्तात ठरावीक प्रमाणात कॅल्शियम लागते, शंभर मिलिलिटरमागे साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. त्यात थोडी घट झाली तरी शरीर वाट पाहत नाही. गळ्यातील चार लहान पॅराथायरॉइड ग्रंथी रस सोडतात आणि हाडातून उसने कॅल्शियम निघते. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत आहे, सुमारे एक किलो. रोज रात्री आपण झोपतो तेव्हा आणि रोज्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरीही, पोटातून काही येत नसताना, रक्तातील प्रमाण ढळत नाही ते ह्याच उसनवारीमुळे. पुढच्या जेवणात परतफेड झाली तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे परतफेडच झाली नाही तर मात्र बिघडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाडणारे एका कुळाचे, बांधणारे दुसऱ्या कुळाचे, मग जेवढे पाडले तेवढेच आणि तेथेच बांधायचे हे कळते कोणाला?

पहिला धागा उलट्या बाजूने सापडला. पॅराथायरॉइडच्या रसाने पाडकाम वाढते हे माहीत होते. पण त्या रसाचा संदेश घेण्याची सोय पाडणाऱ्या पेशीत आढळेना. ती होती बांधणाऱ्या पेशींच्या कुळात. ह्यावरून रोडन आणि मार्टिन ह्या दोघांनी १९८१ साली असे सुचवले की, पाडकामाचा हुकूम बांधणाऱ्यांच्या हातूनच जात असावा. मुकादम गवंड्यांचा आणि त्याच्या सांगण्यावरून पाडणारे कामाला लागतात, असा हा तर्क होता. जपानमध्ये तात्सुओ सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बशीत दोन्ही जातींच्या पेशी एकत्र वाढवून ते दाखवले. बांधणाऱ्यांचा सहवास मिळाला तरच पाडणाऱ्या पेशी तयार होत. प्रत्यक्ष पदार्थ हाती लागले ते १९९७ आणि १९९८ मध्ये, अमेरिकेतील एका औषध कंपनीला आणि जपानमधील स्नो ब्रँड ह्या दुधाच्या कंपनीच्या संशोधकांना, जवळपास एकाच सुमारास. पाडणाऱ्यांना जागे करणाऱ्या पदार्थाला आज रँक-एल म्हणतात. त्याच कुळातील पेशी दुसरा एक पदार्थही सोडतात, ऑस्टिओप्रोटेजेरिन. हा पदार्थ रँक-एलला वाटेतच गाठतो आणि त्याला पाडणाऱ्या पेशीपर्यंत पोचू देत नाही. एका हाताने बोलावणे आणि दुसऱ्या हाताने अडवणे, ह्या दोन्हींच्या प्रमाणावर पाडकाम ठरते. २०११ मध्ये असेही दिसून आले की, मोठ्या माणसाच्या हाडात हे बोलावणे मुख्यत्वे भिंतीत गाडलेल्या त्या ऑस्टिओसाइट पेशींकडून जाते. भेग पडली, भार वाढला अथवा घटला, हे भिंतीतल्याला आधी कळणार हे उघडच आहे.

दुसरा धागा पाडणाऱ्यांकडून बांधणाऱ्यांकडे जातो. बांधणाऱ्या पेशी हाड रचताना त्यात वाढीला चालना देणारे काही पदार्थ पुरून ठेवतात. पाडणारी पेशी आम्ल सोडते तेव्हा तेही मोकळे होतात. २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट झाले की, त्यांतील टीजीएफ-बीटा नावाचा पदार्थ मज्जेतील आधारपेशींना खणलेल्या जागेकडे ओढून आणतो. पाडलेल्या भिंतीच्या चिऱ्यांतच पुढच्या गवंड्यासाठी चिठ्ठी ठेवलेली असावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय पाडणारी पेशी स्वतःही बांधणाऱ्यांना संदेश सोडते.

हे कसे कळले ते सांगावयाचे तर एका दुर्मिळ रोगाकडे वळावे लागते. ऑस्टिओपेट्रोसिस, म्हणजे संगमरवरी हाडांचा रोग. ह्यात पाडकाम जवळजवळ बंद असते. ऐकणाऱ्याला वाटेल, बरेच झाले, हाडे मजबूत होतील. घडते उलटे. जुने हाड निघत नाही, म्हणून ते क्ष-किरणात खडूसारखे पांढरे, भरीव दिसते आणि खडूसारखेच मोडते. मज्जेला जागा उरत नाही, म्हणून रक्त तयार होत नाही. कवटीतील छिद्रे अरुंद होऊन डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात आणि मूल आंधळे होते. काही रुग्णांत पाडणारी पेशी तयारच होत नाही. काहींत ती असते, पण तिला आम्ल सोडता येत नाही. ह्या दुसऱ्या प्रकारात बांधकाम मात्र चालू राहते. पाडणारी पेशी काम न करता नुसती हजर असली तरी बांधणाऱ्यांना निरोप पोचतो, असा ह्याचा अर्थ.

पाडणाऱ्या पेशींचे कूळ रक्तातले आहे हेही ह्याच रोगाने शिकवले. अमेरिकेतील वॉकर ह्यांनी असा रोग असलेल्या उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराशी काही काळ जोडले आणि रोग बरा झाला. ही गोष्ट १९७३ ची. १९७५ मध्ये निरोगी मज्जेच्या पेशी देऊनही तोच गुण आला, आणि १९८० मध्ये मज्जा-प्रत्यारोपणाने एका लहान मुलीवर यशस्वी उपचार झाल्याचे प्रसिद्ध झाले. अर्भकांना होणारा हा रोग अडीच लाख जन्मांमागे सुमारे एकाला होतो. पण तो आई आणि बाप दोघांकडून आलेल्या दोषाने होतो. म्हणून चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलांत अशा रोगांचा धोका वाढतो. आपल्यात अशी लग्ने होतात. ती जायज आहेत ह्याबद्दल वाद नाही. पण घराण्यात असे एखादे मूल झाले असेल, तर पुढची सोयरीक ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ही सांगड सैल कशी होते ते पाहू.

वयाच्या पंचविशी-तिशीपर्यंत भरणी अधिक, म्हणून साठा वाढतो. पुढे काही वर्षे दोन्ही बाजू सारख्या असतात. नंतर प्रत्येक खड्डा किंचित अपुरा भरू लागतो. स्त्रियांत मासिक पाळी थांबल्यावर मोठा उतार लागतो, कारण स्त्रीरस पाडणाऱ्यांना आवर घालीत असतो. तो आवर सुटला की जागोजागी खड्डे उघडतात. बांधकामही वाढते, सांगड तुटलेली नसते, पण तीन आठवड्यांच्या पाडकामाला चार महिन्यांचे बांधकाम पुरे पडत नाही. माता-भगिनींनो, मणक्याचे हाड मोडते तेव्हा पुष्कळदा आवाजही होत नाही आणि फारसे दुखतही नाही. उंची इंच-दीड इंच कमी होते, पाठीला पोक येते, आणि घरची माणसे म्हणतात, दादी वाकली.

भार नसला तरी असेच होते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता वजनरहित अवस्थेत महिन्याला एक ते दीड टक्का घटते. खाटेला खिळलेल्या माणसाचेही हाड उतरते. ऑस्टिओसाइट पेशींना भार कळेनासा झाला की त्या बांधकाम रोखणारा स्क्लेरोस्टिन नावाचा पदार्थ जास्त सोडतात. तेव्हा म्हातारपणी "आराम करा" हा सल्ला प्रेमाचा असला तरी फार दिवस पाळण्याजोगा नाही. चालणे, जिना चढणे, पाच वेळ उभे राहून वाकणे आणि बसणे जितके झेपेल तितके सोडू नये.

सूर्यप्रकाशाची गोष्ट जराशी वेगळी आहे. ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मग बांधणाऱ्या पेशी धाग्यांचे जाळे विणतात, पण त्यात क्षार भरत नाहीत. मुलांत ह्याला मुडदूस म्हणतात. मोठ्यांत हाडे मऊ होतात आणि कंबर, मांड्या ठणकत राहतात. ह्या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातील एक अभ्यास जगभर उद्धृत केला जातो. हचिसन आणि शहा ह्यांनी १९२२ साली नाशिककडील पाहणी प्रसिद्ध केली. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या हिंदू आणि मुस्लिम घराण्यांतील बायका-मुलांत हा रोग होता. जेवण निकृष्ट, पण मुलांसह उन्हात राबणाऱ्या गरिबांत तो दिसत नव्हता. शंभर वर्षे झाली ह्या गोष्टीला. पडदा हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि मी त्याबद्दल बोलत नाही. मी बोलतो आहे उन्हाबद्दल. घराला गच्ची असते, मागचे अंगण असते. तेथे दुपारच्या आधी किंवा नंतर तोंड, हात, पाय उघडे ठेवून बसता येते. दिवसभर कार्यालयात आणि रात्री विजेच्या दिव्याखाली राहणाऱ्या पुरुषांतही आज ही उणीव सर्रास आढळते, हेही सांगून ठेवतो. कॅल्शियमसाठी शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम आहे आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळीही आहेच. प्रौढाला रोज हजार मिलिग्रॅम लागते. पण नुसती कॅल्शियमची गोळी म्हणजे चिरे आणून टाकणे झाले. गवंडी कामाला लागला पाहिजे हे वेगळे.

आता औषधांविषयी. डॉक्टरकी करण्याचा माझा अधिकार नाही. पण सांगड समजली म्हणजे डॉक्टर काय सांगतात ते समजते. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यावयाच्या ज्या गोळ्या आहेत, त्या हाडाला चिकटून बसतात आणि हाड खाणाऱ्या पेशीला निकामी करतात. पाडकाम कमी होते आणि सांगड असल्यामुळे काही महिन्यांत बांधकामही कमी होते. उघडे खड्डे भरून निघतात, म्हणून फायदा होतो. पण वर्षानुवर्षे थांबायचेच नाही असे केले तर जुन्या भेगा निघेनाशा होतात, आणि क्वचित मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडते. म्हणून डॉक्टर काही वर्षांनी त्या थांबवण्याचा विचार करतात. ते विसरलेले नसतात.

दुसरे औषध सहा महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन, डेनोसुमाब. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. ते रँक-एललाच बांधून टाकते. गुण चांगला येतो, पण हे औषध हाडात साठून राहत नाही. सहा महिने उलटले आणि पुढचे इंजेक्शन चुकले, की थोपवलेले पाडकाम उसळून पूर्वीपेक्षाही वाढते, आणि एकाच वेळी अनेक मणके मोडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. आपल्याकडे औषधाचे पैसे पुष्कळदा आखातातील मुलाकडून येतात. नोकरी गेली, पैसे थांबले, की अम्मीचे इंजेक्शन "पुढच्या वेळी पाहू" म्हणून राहते. हे इंजेक्शन पुढच्या वेळेवर टाकण्यासारखे नाही. परवडत नसेल तर तारीख येण्याआधी डॉक्टरांना तसे सांगा. ते त्याऐवजी स्वस्त गोळी सुरू करून उसळी थोपवण्याचा प्रयत्न करतात. सांगायची लाज वाटते म्हणून माणसे दवाखान्यात जाणेच सोडतात, ही ह्यातली खरी अडचण आहे.

बांधकाम वाढवणारी औषधेही निघाली आहेत. पॅराथायरॉइड रसाचाच तुकडा रोज एकदा टोचला तर हाड बांधले जाते. तोच रस सतत वाढलेला राहिला तर हाड उतरते. २००२ पासून हे औषध वापरात आहे. स्क्लेरोस्टिनला अडवणारे दुसरे २०१९ मध्ये आले. दोन्ही महाग आहेत आणि ठरावीक मुदतीपुरतीच द्यावयाची असतात.

शेवटी स्टेरॉइडबद्दल बोलतो, कारण मला ह्या व्यासपीठावर उभे करण्यास तेच कारण झाले. ह्या गोळ्यांनी बांधणाऱ्या पेशी मंदावतात आणि मरतात, भिंतीतल्या पेशीही मरतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पाडकाम वाढते. म्हणजे वयाने सांगड सैल होते, पण स्टेरॉइडने ती तुटते. दमा, संधिवात, काही मूत्रपिंडाचे रोग ह्यांत ही औषधे माणसाला वाचवतात आणि तज्ज्ञ डॉक्टर ती मोजून देतात, सोबत हाडांचीही काळजी घेतात. मी बोलतो आहे ते गुडघेदुखीवर बिनचिठ्ठीच्या मिळणाऱ्या पुडीबद्दल. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंना अशी पुडी तीन वर्षे मिळत होती. पहिल्याच आठवड्यात गुडघे हलके झाले, जानमाज अंथरून पुन्हा जमिनीवर नमाज पढता येऊ लागली, आणि देणाऱ्याला त्यांनी दुवा दिली. चेहरा गोल झाला, तो तब्येत सुधारल्याचे लक्षण मानले गेले. पाण्याची कळशी उचलताना दोन मणके बसले तेव्हा शहरातील डॉक्टरांनी पुडी तपासायला मागितली. मग उलगडा झाला.

तेव्हा आज घरी गेल्यावर अम्मी, दादी, नानी ह्यांच्या उशाखालचा डबा उघडून पाहा. वेष्टन नसलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा. मात्र एक काळजी घ्या. गोळ्या बरेच महिने चालू असतील तर त्या एकदम फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉइड येत असताना शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, आणि एका दिवसात बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ती उतरत्या प्रमाणात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी लागतात. डबा घेऊन जा, आणि दादींनाही सोबत घेऊन जा.